विश्लेषण : सॅम्पल फ्लॅटमधले घर आणि ताब्यातले घर

गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया किंवा दसरा जवळ आला की घरांच्या जाहिरातींनी वर्तमानपत्रांची पाने भरून जातात. रविवारी सहकुटुंब साइट व्हिजिट, वातानुकूलित कार्यालयात कॉफी, मग सजवलेला सॅम्पल फ्लॅट आणि शेवटी ‘आजच टोकन दिलेत तर’ मिळणारी सवलत. हा क्रम मुंबई-पुणे-नाशिकमधल्या मध्यमवर्गीयांना आता पाठ झाला आहे. गिऱ्हाइकाला आवडावे म्हणून खोल्या सजवण्यात गैर काहीच नाही. पण सजावट कुठे संपते आणि दिशाभूल कुठे सुरू होते? कायदा त्याबद्दल काय सांगतो? आणि आयुष्यभराची पुंजी घालणाऱ्याने सजवलेल्या घरात नेमके काय पाहावे?

‘होम स्टेजिंग’ म्हणजे काय?

विकायचे घर ग्राहकाला आवडेल अशा रीतीने मांडून दाखवणे म्हणजे होम स्टेजिंग. व्यवसाय म्हणून ही कल्पना अमेरिकेत रुजली. बार्ब श्वार्ट्झ यांनी १९७२ मध्ये वॉशिंग्टन राज्यात तिची सुरुवात केली, असे मानले जाते. रंगभूमीवर जसे नेपथ्य असते तसे घराचे नेपथ्य करायचे, हा त्यामागचा विचार. अमेरिकेतील ‘नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स’ ही मालमत्ता दलालांची संघटना या विषयावर पाहणी करत असते. सजवलेल्या घरात ग्राहकाला आपले भावी घर कल्पनेत उभे करणे सोपे जाते, असे २०२३ च्या पाहणीत खरेदीदारांच्या बाजूने काम करणाऱ्या ८१ टक्के दलालांनी सांगितले. सर्वाधिक सजवल्या जाणाऱ्या खोल्या म्हणजे दिवाणखाना, मुख्य शयनगृह आणि स्वयंपाकघर. अर्थात हे मत दलालांचे आहे, घर घेऊन त्यात राहायला गेलेल्यांचे नव्हे, हे विसरून चालणार नाही.

आपल्याला ही कल्पना अगदीच परकी नाही. पाहुणे यायचे म्हटले की पलंगावर ठेवणीतली चादर येते आणि पसारा कपाटात जातो. मात्र पाहुणा चहा घेऊन परत जातो. घर घेणारा वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेऊन तिथेच राहायला येतो. समजा, ६० लाखांचे कर्ज साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी घेतले, तर हप्ता महिन्याला सुमारे ५२ हजार रुपये येतो आणि एकूण परतफेड सव्वा कोटीच्या घरात जाते. एवढा निर्णय अनेकदा अर्ध्या तासाच्या फेरीत होतो. म्हणून या सजावटीकडे गांभीर्याने पाहायला हवे.

सॅम्पल फ्लॅट मोठा का वाटतो?

आपल्याकडे या कलेचे सर्वात मोठे दालन म्हणजे बिल्डरचा सॅम्पल फ्लॅट. तो अनेकदा मूळ इमारतीत नसतोच. विक्री कार्यालयाशेजारी तात्पुरत्या बांधकामात तो उभा केलेला असतो. तिथे वजन पेलणारे कॉलम-बीम लागत नाहीत, भिंती प्लायच्या किंवा जिप्समच्या असल्या तरी चालतात, छताची उंची वाढवता येते. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची भिंत नसते, तर मागून दिवा लावलेले हिरव्यागार डोंगराचे चित्र असते.

आतल्या काही युक्त्या साध्या आहेत, पण लागू पडतात. खोल्यांना दारे नसतात, कारण दार उघडायला अडीच-तीन फूट जागा लागते. बाल्कनी आणि हॉल यांच्यामधला दरवाजा काढून दोन्ही एक केलेले असतात. एका भिंतीवर मोठा आरसा असतो. जेवणाच्या टेबलाला काचेचा माथा असतो, म्हणजे खालची फरशी दिसत राहते आणि जागा अडल्यासारखी वाटत नाही. सोफ्याची पाठ बुटकी असते. पडदे थेट छतापासून जमिनीपर्यंत सोडलेले असतात.

सर्वात परिणामकारक युक्ती म्हणजे मापाने लहान केलेले फर्निचर. एक हिशेब मांडून पाहू. बेडरूम १० फूट बाय ११ फूट, म्हणजे ११० चौरस फुटांची आहे. नेहमीचा डबलबेड साडेसहा फूट बाय पाच फूट असतो, तो साडेबत्तीस चौरस फूट जागा घेतो. त्याऐवजी साडेपाच फूट बाय साडेचार फूट पलंग ठेवला, तर पावणेपंचवीस चौरस फुटांत भागते. सहा फूट रुंदीचे कपाट दोन फूट खोल असेल तर १२ चौरस फूट जागा जाते. तेच सव्वा फूट खोल केले की साडेसात. या दोन बदलांत मिळून सव्वाबारा चौरस फूट फरशी मोकळी दिसते. म्हणजे खोली एका इंचानेही न वाढवता ती ११ टक्क्यांनी मोकळी झाल्याचा भास निर्माण होतो. त्या पलंगावर साडेपाच फूट उंचीच्या माणसाचे पाय बाहेर येतील. त्या कपाटात हँगर आडवा मावणार नाही, कारण हँगरलाच साधारण दीड फूट लागते. पण सॅम्पल फ्लॅटमध्ये कोणी झोपून पाहत नाही.

तिथे काय नसते, तेही पाहण्यासारखे असते. वॉशिंग मशीन नसते. कपडे वाळत घालायची दोरी नसते. गॅसचा जादा सिलिंडर, पाण्याचा पिंप, केरसुणी, इस्त्रीचे टेबल, मुलांची सायकल, गणपतीच्या मखराचा खोका यातले काही नसते. देव्हारा असला तर भिंतीवरच्या फळीएवढा. म्हणजे मराठी घर ज्या वस्तूंनी भरते, त्या सगळ्या बाहेर ठेवूनच हे घर दाखवले जाते.

फरक कधी लक्षात येतो?

बहुतेक वेळा ताबा मिळाल्यावर. माझ्या मावसभावाचे उदाहरण सांगतो. ठाण्याच्या पुढे एका प्रकल्पात त्याने वन बीएचके घेतला. सॅम्पल फ्लॅट पाहून वहिनींनी तिथेच ठरवले होते की सासूबाईंची शिसवी लाकडाची खाट हॉलमधल्या खिडकीखाली ठेवायची. चार वर्षांनी ताबा मिळाला. खिडकीखालच्या कोपऱ्यात नऊ इंच पुढे आलेला कॉलम होता, सॅम्पलमध्ये तो नव्हता. खाट तिथे बसेना. बेडरूममध्ये डबलबेड टाकल्यावर कपाटाचे दार अर्धेच उघडू लागले. करारनाम्यातला कार्पेट एरिया तपासला, तर तो बरोबर होता. म्हणजे कागदावर फसवणूक नव्हती. खाट शेवटी गावच्या घरी गेली आणि मावशी हॉलमधल्या दिवाणावर झोपू लागल्या. बिल्डरकडे तक्रार करायला तो गेला तेव्हा ‘सर, ते फक्त तुम्हाला आयडिया यावी म्हणून होते’ एवढेच उत्तर मिळाले. त्याच्याकडे सॅम्पल फ्लॅटचा एकही फोटो नव्हता. असता तर निदान पुढचे बोलणे तरी झाले असते.

या गोष्टीतला कळीचा भाग हाच. क्षेत्रफळ बरोबर असूनही घर वेगळे निघू शकते, कारण माणूस क्षेत्रफळात राहत नाही, मांडणीत राहतो. आणि सॅम्पल फ्लॅट मांडणीच दाखवत असतो.

कायदा काय सांगतो?

सॅम्पल फ्लॅट म्हणजे ‘नुसती आयडिया’ आहे, हे कायद्याला मान्य नाही. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६, म्हणजे रेरा कायद्याच्या कलम १२ मध्ये जाहिरात आणि माहितीपत्रकाच्या जोडीने नमुना सदनिकेचाही स्पष्ट उल्लेख आहे. नमुना सदनिका पाहून कोणी पैसे भरले आणि तिच्यातील चुकीच्या किंवा खोट्या माहितीमुळे त्याचे नुकसान झाले, तर बिल्डरने भरपाई द्यायची आहे. ग्राहकाला प्रकल्पातून बाहेर पडायचे असेल, तर भरलेली सगळी रक्कम व्याजासह परत करून वर नुकसानभरपाईही द्यायची आहे. ही भरपाई ठरवण्याचे काम कलम ७१ नुसार न्यायनिर्णय अधिकाऱ्याचे. थोडक्यात, सॅम्पल फ्लॅट हे बिल्डरने केलेले विधान आहे. शब्दांऐवजी ते विटा-प्लायमध्ये केलेले आहे, एवढाच फरक.

याच कायद्यातील इतर तरतुदीही इथे उपयोगी पडतात. कलम १३ नुसार नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. महाराष्ट्रातल्या १९६३ च्या मोफा कायद्यात ही मर्यादा २० टक्के होती. कलम १४ नुसार मंजूर आराखडा आणि त्यात दाखवलेल्या सुविधा यांत ग्राहकाच्या संमतीशिवाय बदल करता येत नाही. ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामात दोष दिसला, तर तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून देण्याची जबाबदारी बिल्डरची. राज्याच्या आदर्श करारनाम्यानुसार कार्पेट एरियात तीन टक्क्यांपर्यंतच फरक चालतो आणि क्षेत्र कमी भरले तर जादा घेतलेले पैसे परत करावे लागतात.

कार्पेट एरियाची व्याख्याही नीट समजून घ्यायला हवी. त्यात बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि खासगी गच्ची धरली जात नाही. मात्र घराच्या आतल्या भिंतींखालची जागा धरली जाते. त्यामुळे करारनाम्यातला आकडा आणि खोल्यांची प्रत्यक्ष मापे जोडून येणारी बेरीज यांत फरक पडतो. त्यात लबाडी असतेच असे नाही. पण सॅम्पल फ्लॅटमधल्या भिंती दोन-तीन इंचांच्या प्लायच्या असतील आणि खऱ्या घरातल्या पाच-सहा इंचांच्या, तर तेवढ्या जागेची चैन फक्त सॅम्पलमध्येच असते. शिवाय करारनाम्यात क्षेत्र चौरस मीटरमध्ये असते. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट, हा हिशेब घरूनच करून निघावे.

‘चित्र केवळ प्रातिनिधिक’ या तळटीपेचे काय?

माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते की फर्निचर, दिवे, सजावट किमतीत समाविष्ट नाही आणि चित्रे प्रातिनिधिक आहेत. सॅम्पल फ्लॅटच्या दारातही कधीकधी अशी पाटी असते. बिल्डरांची बाजू इथे ऐकायला हवी. ते म्हणतात, की सोफा आणि झुंबर घराबरोबर मिळत नाही हे ग्राहकाला कळते. रिकाम्या खोलीत माणसाला जागेचा अंदाज येत नाही, उलट ती लहान वाटते. म्हणून सामान मांडून दाखवणे ही ग्राहकाचीच सोय आहे. आणि सजावटीवर खर्च करून विक्री वाढवणे हा कुठल्याही दुकानदाराचा हक्क आहे.

यातले बरेच खरे आहे. सोफा मिळेल असे समजणारा ग्राहक विरळाच. पण प्रश्न सोफ्याचा नाही, त्याच्या मापाचा आहे. अंदाज यावा म्हणून सामान मांडले, तर ते बाजारात मिळणाऱ्या मापाचे हवे. तीन-चतुर्थांश मापाचा पलंग ठेवून अंदाज येत नाही, तो चुकतो. तसेच कॉलम लपवणे, दारे काढणे, भिंत पातळ करणे या गोष्टी सजावटीत मोडत नाहीत. त्या घराच्या अंगच्या गोष्टी आहेत. फर्निचर समाविष्ट नाही असे छापल्याने कॉलम नसल्याचा देखावा माफ होत नाही, असे माझे मत आहे. निकष साधा ठेवावा. जी गोष्ट ग्राहक उद्या बदलू शकतो ती सजावट. जी तो बदलू शकत नाही ती जशी आहे तशीच दाखवली पाहिजे.

पुनर्विक्रीच्या घराचे काय?

जुना फ्लॅट एका मालकाकडून दुसरा घेतो, तेव्हा समोर बिल्डर नसतो. तिथे नव्या प्रकल्पांसारखे रेराचे संरक्षण मिळत नाही. पण म्हणून विकणाऱ्याला काहीही झाकण्याची मुभा नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ सांगते, की विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्याने उघड केला पाहिजे. तो मुद्दाम सांगितला नाही, तर कायदा ते कपट मानतो. मात्र ‘साधारण काळजी’ या शब्दांत घेणाऱ्याचीही जबाबदारी आली. डोळ्यांना दिसणारी ओल मी पाहिलीच नाही, अशी तक्रार नंतर टिकत नाही.

आपल्याकडे पुनर्विक्रीत सर्वाधिक झाकला जाणारा दोष म्हणजे ओल. वरच्या मजल्याच्या बाथरूममधून झिरपणारे पाणी, गच्चीची गळती, पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात येणारी बुरशी. यावर पुट्टी आणि रंगाचा हात फिरवून डिसेंबर-जानेवारीत घर दाखवले, की ते अगदी नवे दिसते. भिंतीवर वॉलपेपर, बाथरूमवर फॉल्स सीलिंग, ओल्या कोपऱ्यात उभे केलेले कपाट हे त्याचेच प्रकार. पाणी येण्याच्या वेळेतच घर दाखवायला बोलावणे हीदेखील एक सजावटच.

जुने घर विकणाऱ्याने काय करावे?

घर सजवू नये, असा याचा अर्थ नाही. उलट जुने घर विकणारी बहुतेक मराठी कुटुंबे याबाबत फार उदासीन असतात. तीस वर्षांचा संसार खोल्यांत गच्च भरलेला, माळ्यावरून बोचकी डोकावताहेत, ट्यूबलाइट लुकलुकतेय, आणि मग भाव पाडून मागितला म्हणून वाईट वाटून घ्यायचे. थोडा खर्च आणि एक आठवड्याची मेहनत घेतली तर चित्र बदलते.

पहिले काम म्हणजे सामान कमी करणे. हॉलमध्ये रोज न लागणारी निम्मी वस्तू बाहेर काढली, तर खोलीचा खरा आकार दिसतो. यात लबाडी काही नाही, उलट जागा आहे तेवढीच दिसते. बाल्कनीतले जुने पेपर, फुटकी कुंडी आणि बंद कूलर हलवावा. खिडक्यांच्या काचा आणि जाळ्या धुवाव्यात, घरातला उजेड तेवढ्यानेही वाढतो. गळका नळ, सैल कडी, तुटका स्विच दुरुस्त करावा. स्वयंपाकघराचा ओटा मोकळा ठेवावा. संपूर्ण घराला रंग काढण्याची गरज नसते, पण हात लागून काळ्या पडलेल्या दारांच्या चौकटी तरी पुसाव्यात. घर दाखवताना दिवे लावावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि घरात शक्यतो कमी माणसे असावीत. कोणी सोफ्यावर बसून टीव्ही पाहत असेल, तर आलेल्याला त्या खोलीत फिरायलाही संकोच वाटतो.

जिथे गळती झाली होती तिथे आधी दुरुस्ती करावी, मग रंग काढावा आणि दुरुस्तीचे बिल जपून ठेवावे. ‘मागच्या वर्षी इथे ओल होती, हे वॉटरप्रूफिंगचे बिल’ असे स्वतःहून सांगणाऱ्या मालकावर घेणाऱ्याचा विश्वास बसतो. त्याच विश्वासाने कागदपत्रांची फाइल तयार ठेवावी. करारनामा, इंडेक्स-२, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला, भोगवटा प्रमाणपत्र, मालमत्ता कराची पावती. ही फाइल टीपॉयवर असली, की घासाघीस कमी होते. फुलदाणीने हे काम होत नाही.

फोटोंतल्या सजावटीचे काय?

हा प्रकार आता झपाट्याने वाढतो आहे. रिकाम्या खोलीच्या फोटोत संगणकावर फर्निचर टाकता येते, भिंतीचा रंग बदलता येतो, खिडकीबाहेरच्या विजेच्या तारा पुसता येतात. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे हे काम मिनिटांचे झाले आहे. दुबई, सिंगापूर किंवा न्यू जर्सीत बसून पुण्यात घर घेणारी मराठी माणसे बऱ्याचदा फोटो आणि व्हिडीओ कॉलवरच निर्णय घेतात. त्यांच्या बाबतीत धोका जास्त, कारण सॅम्पल फ्लॅटमध्ये निदान टेप तरी लावता येते. फोटोला टेप लागत नाही.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने यावर कायदा केला आहे. मालमत्तेच्या जाहिरातीतील फोटो डिजिटल साधनांनी बदलला असेल, तर तसे ठळकपणे सांगणे आणि मूळ फोटो पाहण्याची सोय करणे तिथे २०२६ पासून बंधनकारक आहे. आपल्याकडे महारेराने ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पांच्या जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केला. तो स्कॅन केला की प्रकल्पाची नोंदणी, मंजुऱ्या आणि इतर माहिती दिसते. हे पाऊल चांगलेच होते. त्याच वाटेने पुढे जाऊन सजवलेल्या फोटोंवर ‘हा फोटो संगणकावर बदललेला आहे’ असा शिक्का सक्तीचा करणे अवघड नाही.

घर पाहायला जाताना काय करावे?

पहिली गोष्ट म्हणजे खिशात टेप न्यावी. पाच मीटरची टेप कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. आपल्या घरातला पलंग, कपाट, फ्रिज, जेवणाचे टेबल आणि वॉशिंग मशीन यांची मापे आदल्या दिवशी कागदावर लिहून घ्यावीत. सॅम्पल फ्लॅटमध्ये पलंग आणि कपाट मोजावे. प्लास्टर ते प्लास्टर खोली मोजावी. भिंतीची जाडी दाराच्या चौकटीपाशी कळते. विक्रेत्याला यात अपमान वाटायचे कारण नाही. दोन हजारांची साडी आपण उलगडून पाहतो, तर साठ लाखांचे घर मोजून का पाहू नये?

दुसरे, प्रत्येक खोलीचे फोटो तारखेसह काढावेत. फोटो काढू देत नसतील, तर तोच एक इशारा समजावा. तिसरे, तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तरे ईमेलवर मागावीत. हा सॅम्पल माझ्याच टॉवरमधल्या, माझ्याच प्रकारच्या सदनिकेचा आहे का? माझ्या सदनिकेत कॉलम आणि बीम नेमके कुठे येणार? इथे दिसणाऱ्या फरशा, नळ, दरवाजे, खिडक्या यांतले काय काय करारनाम्याच्या परिशिष्टात लिहिलेले आहे? तोंडी आश्वासन आणि ईमेल यांत किती अंतर असते, ते उत्तर यायला लागणाऱ्या दिवसांवरून कळते. चौथे, महारेराच्या संकेतस्थळावर जाऊन मंजूर आराखडा उघडावा आणि त्यावर आपली सदनिका शोधावी. खिडकी कोणत्या दिशेला, समोर पुढचा टॉवर किती अंतरावर, हे सगळे तिथे दिसते.

पुनर्विक्रीचे घर असेल, तर एक फेरी पावसाळ्यात मारावी. जुलैतल्या संततधारेत दहा मिनिटे उभे राहिल्यावर जे कळते ते जानेवारीतल्या दहा फेऱ्यांत कळत नाही. तेवढे थांबणे शक्य नसेल, तर खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याची बेल वाजवावी. वरच्या घरातून गळती होते का, हे त्याच्याइतके खरे कोणी सांगणार नाही. नव्याने रंगवलेला एकच कोपरा दिसला, तर तिथे हात लावून पाहावा. आणि टोकन त्याच दिवशी देऊ नये. सवलत आजच्यापुरती आहे असे सांगितले जात असले, तरी ती पुढच्या रविवारीही असते, हा अनुभव आहे.

काय बदलायला हवे?

ग्राहकाने सावध राहावे हे खरेच. पण सगळा भार त्याच्यावर टाकणे योग्य नाही. पहिल्यांदा घर घेणाऱ्या जोडप्याने वास्तुविशारदाची नजर कुठून आणायची? कलम १२ आहे, मात्र ते वापरायला पुरावा लागतो आणि ताबा मिळेपर्यंत सॅम्पल फ्लॅट पाडलेला असतो. म्हणजे कायद्याने ज्याला विधान मानले ते विधानच पुसले जाते.

यावर तीन गोष्टी करता येतील. प्रत्येक सॅम्पल फ्लॅटच्या दारात एक फलक लावणे सक्तीचे करावे. त्यावर खोल्यांची मापे, भिंतींची जाडी, छताची उंची, आत मांडलेल्या फर्निचरची मापे आणि किमतीत काय समाविष्ट आहे त्याची यादी असावी, तीही मराठीत आणि वाचता येईल अशा अक्षरांत. दारे, कॉलम आणि बीम सॅम्पलमध्ये दाखवलेच पाहिजेत. आणि सॅम्पल फ्लॅटचे फोटो व मापे प्रकल्पाच्या नोंदीबरोबर महारेराच्या संकेतस्थळावर ठेवावीत, म्हणजे चार वर्षांनी ताबा घेताना ती ताडून पाहता येतील. यातल्या कशालाही मोठा खर्च नाही. जो बिल्डर जे दाखवतो तेच देतो, त्याला तर याचा फायदाच होईल.

घर सजवून दाखवा, जरूर दाखवा. दिवे लावा, पडदे सोडा, कॉफी द्या. फक्त मापाला हात लावू नका आणि दोष झाकू नका. माझ्या मावशीची खाट सहा फुटांची होती. त्या कोपऱ्यात कॉलम आहे एवढे आधी कळले असते, तर मावसभावाने कदाचित तेच घर घेतले असते, किंवा कदाचित शेजारच्या इमारतीतले. निर्णय त्याचा असता, आणि तो डोळे उघडे ठेवून घेतलेला असता.